खजिनदार झालात? छोट्या युनियनचा पैसा आणि गंगाजळी कशी सांभाळायची

युनियनच्या सर्वसाधारण सभेत अध्यक्षपदासाठी दोन गट भांडतात, सरचिटणीसपदासाठी तीन. खजिनदारपदाची वेळ आली की सगळे चहाच्या कपात बघू लागतात. मग ‘हा माणूस सरळ आहे, याच्याकडेच देऊ’ असं म्हणत ते पद कोणाच्या तरी गळ्यात पडतं. या वर्षी ते तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

डोळ्यांसमोर धरली आहे ती एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याची शंभर ते तीनशे सभासदांची नोंदणीकृत युनियन. चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी, कुठलीही चालेल. तुमची स्वतंत्र नोंदणी नसेल, तुम्ही अनेक कारखान्यांच्या मोठ्या जनरल युनियनचं एक युनिट असाल, तर बँक खातं आणि वार्षिक विवरणपत्र मुख्य कार्यालय बघतं. तरी पावत्या, खर्च आणि शिलकीचा हिशेब तुम्हालाच ठेवायचा आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांजवळ आपला आधार होता तो १९२६ चा ट्रेड युनियन कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि तो कायदा तिच्यात सामावला गेला. जुन्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या युनियन नव्या संहितेखालीही नोंदलेल्याच मानल्या जातात. मात्र कार्यकारिणी आणि युनियनचे नियम संहितेला धरून आहेत, असं निवेदन युनियनची नोंदणी करणाऱ्या सरकारी निबंधकाकडे द्यावं लागतं. तुमच्या युनियनने ते दिलं आहे का, हे सरचिटणीसांना पहिल्याच आठवड्यात विचारा. ‘बघू, करू’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. खाली जुन्या कायद्याची कलमं सांगितली आहेत, कारण बहुतेक युनियनच्या घटना, म्हणजे लेखी नियमावल्या, त्यांच्यावरच बेतलेल्या आहेत. संहितेत बरेच तपशील सरकारी नियमांवर सोडले आहेत, म्हणून आकडा किंवा मुदत पाळण्याआधी निबंधक कार्यालयात एकदा खात्री करून घ्या.

पायरी १ : कारभार हातात घेताना

तोंडी चार्ज घेऊ नका. जुना खजिनदार कितीही जवळचा असो, एका कागदावर यादी करा आणि दोघांच्या आणि अध्यक्षांच्या सह्या घ्या. यादीत हवं ते हे : रोख शिल्लक, बँक पासबुक आणि त्या तारखेची शिल्लक, चेकबुकातल्या उरलेल्या चेकचे क्रमांक, मुदतठेवीच्या पावत्या, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), व्हाउचरच्या फाइली, मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन कार्ड, शिक्का.

यातली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पावती पुस्तकं. पुस्तक क्रमांक १ ते ४० छापली असतील आणि समोर ३७ च दिसत असतील, तर उरलेली तीन कुठे आहेत हे त्याच दिवशी कागदावर आलं पाहिजे. हरवलेलं पावती पुस्तक म्हणजे कोणीतरी, कधीही, तुमच्या नावावर पैसे गोळा करू शकतो. सापडत नसतील तर कार्यकारिणीत ठराव करून ते क्रमांक रद्द करा आणि सूचना फलकावर लावा.

कोऱ्या चेकवर आधीच्या पदाधिकाऱ्यांनी सह्या करून ठेवलेल्या असतात, हेही बऱ्याच ठिकाणी दिसतं. ‘घाईगडबडीत लागतो हो एखादा.’ असे चेक त्यांच्यासमोर रद्द करा.

पायरी २ : घटना वाचा, खरंच वाचा

युनियनची घटना ही नोंदणीच्या वेळी कोणाच्या तरी घटनेवरून उतरवलेली असते आणि नंतर ती कपाटात जाते. खजिनदाराला त्यातली चार-पाच कलमंच लागतात, पण ती तोंडपाठ हवीत : वर्गणी किती आणि ती कोण बदलू शकतं, पैसा कशावर खर्च करता येतो, खर्चाला मंजुरी कोणाची, रोख किती ठेवता येते, सह्या कोणाच्या, हिशेब कोण तपासणार.

वर्गणीचा कायद्यातला किमान आकडा वाचून हसू येईल. २००१ च्या दुरुस्तीनंतर १९२६ च्या कायद्यात संघटित क्षेत्रातल्या कामगारासाठी तो वर्षाला १२ रुपये होता, ग्रामीण कामगारासाठी १ रुपया आणि इतर असंघटित क्षेत्रासाठी ३ रुपये. हा तळ आहे, त्याला आदर्श समजू नका. अजूनही काही घटनांमध्ये ‘मासिक वर्गणी ५ रुपये’ असं असतं आणि प्रत्यक्षात पन्नास घेतले जातात. तसं असेल तर आधी घटनादुरुस्ती करून घ्या. नियमात नसलेली वर्गणी घेणं म्हणजे विरोधी गटाच्या हातात आयतं कोलीत.

पायरी ३ : बँक खातं

खातं युनियनच्या नावाने, युनियनच्या पॅनवर. नोंदणीकृत युनियन ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे, स्वतःच्या नावाने मालमत्ता ठेवू शकते, दावा लावू शकते. त्यामुळे ‘तात्पुरतं’ म्हणून अध्यक्ष आणि खजिनदारांच्या संयुक्त खात्यात पैसे ठेवण्याला काही कारण उरत नाही. उद्या त्यातला एक वारला तर युनियनचा पैसा त्याच्या वारसाच्या दारात जाऊन मागावा लागतो.

सह्या तिघांच्या नोंदवा, चेकला त्यातल्या कोणत्याही दोन, पण त्यात खजिनदाराची एक असलीच पाहिजे. बाहेरचा नेता युनियनचा अध्यक्ष असेल, तर त्याची सही सक्तीची ठेवू नका. तो चार तालुक्यांत फिरत असतो, आणि एखाद्या दिवशी कोर्टात पैसे भरायचे असताना त्याचा फोन लागत नाही.

आताची नवी अडचण फोनवरून पैसे पाठवण्याची. सभासद म्हणतो, ‘भाऊ, तुमच्या नंबरला टाकतो पन्नास रुपये.’ नाही म्हणा. प्रत्येक वेळी. तुमच्या पगाराच्या खात्यात युनियनचे दीडशे लोकांचे पन्नास-पन्नास रुपये येऊ लागले, की पहिल्या महिन्यात हिशेब लागतो, तिसऱ्या महिन्यात तुम्हालाच तुमचे पैसे कुठले आणि युनियनचे कुठले ते कळेनासं होतं. युनियनच्या खात्याचा क्यूआर कोड बँकेकडून घ्या, लॅमिनेट करा आणि कँटीनबाहेरच्या फलकावर लावा.

पायरी ४ : वर्गणी आणि पावती

वर्गणी दोन मार्गांनी येते. एक, पगारातून कपात. कामगाराने लेखी संमती दिली असेल तर नोंदणीकृत युनियनची वर्गणी पगारातून कापता येते. लेखी संमतीपत्रं तुमच्याकडेही प्रतीसह ठेवा, फक्त कंपनीच्या एचआरकडे नकोत. दुसरा मार्ग हातोहात गोळा करण्याचा.

कपातीत आराम आहे, पैसे न चुकता येतात. पण माझं मत विचाराल तर छोट्या युनियनने पूर्णपणे कपातीवर विसंबू नये. संबंध बिघडले की कंपनी सर्वांत आधी कपात थांबवते, आणि नेमकी तेव्हाच युनियनला पैशाची गरज असते. शिवाय महिन्यातून एकदा कारखान्याच्या खात्याखात्यात पावती पुस्तक घेऊन फिरणारा प्रतिनिधी वर्गणीबरोबर तक्रारीही गोळा करतो, आणि ते काम कुठलीही संगणकीय कपात करत नाही. निदान वर्षातून एकदा, एखादा विशेष निधी तरी, हाताने गोळा करा.

पावतीवर क्रमांक, तारीख, सभासदाचं नाव, टोकन नंबर, कोणत्या महिन्याची वर्गणी आणि घेणाऱ्याची सही. ‘कोणत्या महिन्याची’ हा रकाना कोरा सोडू नका, आणि त्याचं कारण हिशेबापेक्षा मोठं आहे. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त युनियनचा १९७१ चा जो कायदा आहे, त्यात मान्यता मागणाऱ्या युनियनला आधीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के कामगार सभासद असल्याचं दाखवावं लागतं. त्या कायद्याच्या व्याख्येत, आधीच्या सहा महिन्यांत ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली तो सभासद मोजलाच जात नाही. म्हणजे दोन युनियनची मोजणी लागली, तर घोषणा कोणाच्या मोठ्या हे कोणी विचारत नाही, पावत्यांची स्थळप्रत मागतात. संहितेत वाटाघाटी करणाऱ्या युनियनसाठी ५१ टक्क्यांची अट आहे, तेव्हा सभासदत्वाचा पुरावा तर आता आणखीनच लागणार.

म्हणून थकबाकीची यादी दर महिन्याच्या शेवटी करा. दोन महिने थकले की त्या खात्याच्या प्रतिनिधीला सांगा. तीनपर्यंत जाऊ देऊ नका.

एक गैरसमज दूर करून ठेवा. जून आणि डिसेंबरच्या पगारात कामगार कल्याण मंडळाची जी रक्कम कापली जाते ती युनियनची नाही. नवे कामगार हमखास येऊन म्हणतात, ‘आमचे तर पगारातून कापतात की.’ त्यांना पगाराची पावती उघडून दाखवा.

कंपनीकडून पैसे घ्यायचे का? क्रीडा स्पर्धा, स्मरणिकेतली जाहिरात, वर्धापनदिनाचं जेवण, अशा गोड रूपांत ते येतात. मालकाने युनियनला आर्थिक पाठबळ देणं ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्यासमोर मागणीपत्र घेऊन बसायचं त्याच्याच पैशाचं जेवण जेवू नये.

पायरी ५ : खर्च

१९२६ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येतो याची यादी होती : पदाधिकाऱ्यांचं मानधन आणि प्रवास, कार्यालय आणि हिशेबतपासणी, कोर्टकचेरी, औद्योगिक वाद, वादामुळे सभासदाचं झालेलं नुकसान, आजारपण, अपघात, मृत्यू, बेकारीतली मदत, शैक्षणिक, सामाजिक आणि धार्मिक लाभ, मुखपत्र. एकूण कामगारवर्गाच्या हिताच्या कामाला देणगीही देता येते, पण तिला चौथाईची मर्यादा होती : वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक आणि त्या दिवसापर्यंत झालेलं उत्पन्न यांच्या बेरजेच्या एकचतुर्थांशाहून जास्त नाही. सुरुवातीला ६०,००० होते, ऑगस्टपर्यंत ४०,००० जमले, तर शेजारच्या कारखान्यातल्या संपकऱ्यांना तुम्ही जास्तीत जास्त २५,००० देऊ शकता. संहितेच्या नियमांत वेगळं काही सांगितलेलं नसेल तोवर घटनेतली ही मर्यादा पाळत राहा.

राजकारणाचा पैसा पूर्ण वेगळा. निवडणुकीत कोणाला मदत करायची असेल तर त्यासाठी स्वतंत्र निधी लागतो, स्वतंत्र वर्गणी लागते, ती ऐच्छिक असते आणि जो देत नाही त्याला युनियनमध्ये दुय्यम वागणूक देता येत नाही. सर्वसाधारण निधीतून प्रचाराच्या गाडीचं डिझेल भरलं तर ती सरळ गफलत आहे, नेता कितीही आपला असो.

धार्मिक लाभ यादीत असला, तरी गणपती, सत्यनारायण, जयंत्या हे सगळं मी तरी युनियनच्या खात्याबाहेर ठेवीन. युनियनमध्ये सगळ्या जाती-धर्मांची माणसं वर्गणी देतात. उत्सवाची समिती वेगळी, तिची पावती वेगळी, तिचा हिशेब वेगळा. दोन पैसे कमी जमतील, पण ‘आमच्या जयंतीला एवढेच का’ हा वाद युनियनच्या सभेत येणार नाही.

खर्चाची शिस्त साधी आहे. व्हाउचर नाही तर पैसे नाहीत. रिक्षाची, वडापावची पावती मिळत नाही हे खरं, तिथे खर्च करणाऱ्याने स्वतःच्या सहीने कारण लिहून द्यावं : ‘कामगार आयुक्त कार्यालय, सुनावणी, तिघे जण, जाणे-येणे.’ उचल दिली तर पंधरा दिवसांत हिशेब, नाहीतर पुढची उचल बंद. हा नियम सरचिटणीसालाही लागू. किंबहुना त्यालाच आधी लावा, बाकीचे आपोआप पाळतात.

रोख रक्कम हाताशी किती ठेवायची हे घटनेत असतं. नसेल तर दोन हजारांचा ठराव करून घ्या. त्याहून जास्त जमली की दुसऱ्या दिवशी बँकेत. वर्गणीच्या रोख पैशातून परस्पर खर्च भागवायची सवय सर्वांत घातक : आलेला पैसा पूर्ण बँकेत जमा, खर्चासाठी वेगळा चेक. असं केलं की पासबुक हीच तुमची दुसरी रोजकीर्द होते.

पायरी ६ : गंगाजळी किती हवी

इथे जरा थांबू, कारण बहुतेक छोट्या युनियन याच ठिकाणी कच्च्या असतात.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आपल्याकडच्या कामगार चळवळीची ती सुरुवात मानली जाते. त्या संघटनेकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, अशी टीका नंतरच्या सरकारी अहवालात आली. लोखंडेंनी त्याही अवस्थेत रविवारची सुट्टी मिळवली, हा त्यांचा मोठेपणा. पण सगळ्यांना लोखंडे मिळत नाहीत. पुढे मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या वादात मालक युनियनच्या नेत्यांविरुद्ध हायकोर्टात गेले, तेव्हा युनियनला कायद्याचं काहीच संरक्षण नसल्याचं उघडं पडलं. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात नोंदणी आणि संरक्षणाच्या कायद्याची मागणी केली आणि १९२६ चा कायदा आला. नोंदणी, यादी, निधी, तपासलेला हिशेब ही सगळी सामग्री त्या अनुभवातून आलेली आहे.

आता सरळ प्रश्न : संप झाला तर सभासदांना युनियन पगार देऊ शकते का? नाही. परदेशात मोठ्या युनियन संपकाळात भत्ता देतात, ते वाचून कोणी कोणी सभेत बोलतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिले. एवढ्या लोकांना पोसेल असा निधी कोणत्याच युनियनकडे नव्हता. माणसं कोकणातल्या, साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या घरांवर आणि शेतीवर तगली. दोनशे सभासदांना महिन्याला दहा हजार द्यायचे म्हटले तर वीस लाख लागतात. तुमची वर्गणी वर्षाला लाखभर आहे. हा विषय तिथेच मिटवा.

मग गंगाजळी कशासाठी? चालढकल सोसण्यासाठी. छोट्या युनियनला मालक संपात हरवत नाही, तारखांमध्ये हरवतो. दोन कार्यकर्ते निलंबित होतात, खातेनिहाय चौकशी चालते, बडतर्फी येते, प्रकरण न्यायालयात जातं, तारखा पडत राहतात. निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, विलंब कामगारामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के. पण बडतर्फीनंतर काहीच नाही. त्या दोन घरांची चूल बघून बाकीचे एकशे अठ्ठ्याण्णव ठरवतात की पुढच्या वेळी गेटसभेला थांबायचं की नाही.

म्हणून शिल्लक रुपयांत मोजू नका, महिन्यांत मोजा. एक उदाहरण करून बघू, आकडे मानलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

सभासद २००, वर्गणी महिना ५० रुपये. कागदावर १०,०००. प्रत्यक्षात १७० जण वेळेवर देतात, म्हणजे ८,५००, वर्षाचे १,०२,०००. महासंघाचा, म्हणजे तुमची युनियन ज्या मोठ्या संघटनेला जोडलेली आहे तिचा, वाटा २० टक्के धरा, २०,४००. उरले ८१,६००. प्रवास आणि चहापाणी वर्षाला ३६,०००, छपाई-झेरॉक्स ६,०००, हिशेबतपासणी ६,०००, वार्षिक सभा १०,०००, एकूण ५८,०००. वर्षाअखेर शिल्लक पडते २३,६००.

आता गरज. पहिला थर : वर्गणी पूर्ण बंद पडली तरी सहा महिने कार्यालय चालावं, म्हणजे ५८,००० चे निम्मे, २९,०००. दुसरा थर : एकाच वेळी दोन बडतर्फीची प्रकरणं. वकिलाची सुरुवातीची फी १५,००० आणि तारखेला १,०००, वर्षाला दहा तारखा, तीन वर्षं, असं धरलं तर एका प्रकरणाला ४५,०००, दोघांचे ९०,०००. तिसरा थर : त्या दोन कामगारांना वर्षभर महिना ३,००० ची मदत, ७२,०००. बेरीज १,९१,०००.

वर्षाला २३,६०० शिल्लक टाकून हा आकडा गाठायला आठ वर्षं लागतात. मालक आठ वर्षं थांबणार नाही.

वर्गणी ७५ केली तर? तेच १७० जण, वर्षाचे १,५३,०००. महासंघाचा वाटा ३०,६०० आणि खर्च ५८,००० वजा जाता उरतात ६४,४००. तीन वर्षांत गंगाजळी उभी. सभेत वर्गणीवाढ मांडायची असेल तर ‘महागाई वाढली’ म्हणू नका, महागाई सगळ्यांचीच वाढली आहे. हे गणित फळ्यावर लिहा. महिन्याला पंचवीस रुपये जास्त दिले की आठाची तीन वर्षं होतात, एवढं लोकांना पटतं. आणि तीस थकबाकीदारांपैकी पंधरा जरी वळवले तर काय होतं, तेही शेजारी लिहा.

गंगाजळी भरण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे पगारवाढीचा करार. फरकाची रक्कम एकदम हातात येते तेव्हा सभासदांकडून विशेष निधी घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती चांगली आहे, पण तीन अटींवर : आकडा कराराच्या आधी सर्वसाधारण सभेत ठरलेला हवा, प्रत्येकाला पावती मिळाली पाहिजे, आणि त्यातला किती राखीव निधीत, किती महासंघाला, किती सत्काराच्या हार-तुऱ्यांना, हे त्याच ठरावात लिहिलेलं हवं. युनियन फुटण्याची कारणं शोधत गेलात तर अनेक ठिकाणी अशा निधीचा न मांडलेला हिशेब सापडतो.

कंत्राटी कामगारांना सभासद केलं असेल तर त्यांची वर्गणी कमी ठेवा, पण माफ करू नका. वीस रुपये देणारा माणूस हक्काने हिशेब विचारतो.

पायरी ७ : गंगाजळी ठेवायची कुठे

कंटाळवाण्या जागी. राष्ट्रीयीकृत बँकेत, मुदतठेवीत, युनियनच्या नावाने. सगळी एकाच ठेवीत नको : दोन-तीन तुकडे करा, मुदती वेगवेगळ्या, म्हणजे वकिलाला पंधरा हजार द्यायला दीड लाखाची ठेव मोडावी लागत नाही.

ठेवीवरचं विमासंरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत आहे, सगळ्या शाखा मिळून. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पण अडकलेला पैसा वेळेवर हातात येईलच असं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांसाठी फक्त १,००० रुपये काढता येत होते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे विमासंरक्षण नाहीच.

आता नाजूक विषय. कारखान्यात कर्मचाऱ्यांची पतसंस्था असते, तिचे संचालक आणि युनियनचे पदाधिकारी बहुधा तेच असतात, आणि तिथे व्याज एक-दीड टक्का जास्त मिळतं. ‘आपलीच तर आहे’ म्हणत गंगाजळी तिकडे जाते. करू नका. कारखाना बंद पडला तर पतसंस्थेची कर्जं त्याच दिवशी थकतात आणि युनियनला पैशाची गरजही त्याच दिवशी सुरू होते. त्याचप्रमाणे युनियनच्या निधीतून सभासदांना हातउसने देणंही बंद. कर्ज देणं हे पतसंस्थेचं काम आहे, युनियनने मदत द्यावी किंवा देऊ नये.

राखीव निधी मोडायचा नियमही आधीच लिहून ठेवा. माझ्या मते कार्यकारिणीच्या दोनतृतीयांश मतांचा ठराव, आणि लगेच पुढच्या सभेत सभासदांना माहिती. सोपं ठेवलं तर तो कार्यालयाच्या एसीवर जातो, फार अवघड ठेवलं तर चौकशीच्या आदल्या दिवशी वकिलाला पैसे देता येत नाहीत.

पायरी ८ : डिसेंबर आणि विवरणपत्र

युनियनचं हिशेबी वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. बँकेचा आणि आयकराचा मार्च डोक्यात बसलेला असतो, त्यामुळे इथे गोंधळ होतो. ३१ डिसेंबरची रोख शिल्लक दोघांनी मोजून सही करा, बँकेकडून त्या तारखेचा शिल्लक दाखला घ्या, थकीत वर्गणी आणि न दिलेली बिलं यांची यादी करा. जमाखर्च आणि ताळेबंद तपासून घ्यायचा आणि ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या नमुन्यात निबंधकाकडे पाठवायचा. वर्षभरात बदललेले पदाधिकारी आणि घटनेतले बदलही त्यासोबत जातात. पोच घ्या, तिची प्रत दोन फाइलींत ठेवा.

१९२६ च्या कायद्यात विवरणपत्र चुकवल्याचा दंड ५ रुपयांपासून सुरू व्हायचा आणि ५० रुपयांवर थांबायचा, म्हणून लोक निवांत असत. नव्या संहितेत दंड बराच वाढवला आहे. पण खरा धोका तेव्हाही दंडाचा नव्हता. न भरलेली विवरणपत्रं समोरच्या वकिलाच्या हातात पडतात, आणि मूळ मुद्दा बाजूला राहून ‘ही युनियन तरी आहे का’ यावर दोन वर्षं जातात.

आयकराबद्दल : कामगार-मालक संबंधांसाठी स्थापन झालेल्या नोंदणीकृत युनियनच्या घरभाड्याच्या आणि ठेवींवरील व्याजासारख्या इतर उत्पन्नाला १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(२४) खाली सूट दिलेली होती. सूट आहे म्हणून बँक गप्प बसत नाही, व्याज मर्यादेपलीकडे गेलं की ती टीडीएस कापते, आणि पॅन नसेल तर जास्त दराने. विवरणपत्र भरायचं की नाही, हे हिशेब तपासणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटला दरवर्षी विचारा.

पायरी ९ : सभेत हिशेब मांडताना

सभासदाला युनियनची वही आणि सभासदांची यादी बघायचा अधिकार आहे. कोणी मागितली तर कपाळाला आठी पडू देऊ नका, वेळ ठरवा आणि समोर बसून दाखवा. मागणारा बहुतेक वेळा विरोधी गटाचा असतो. त्याच्याइतका बारकाईने हिशेब दुसरा कोणी तपासत नाही, आणि तोही फुकट.

वार्षिक सभेत ताळेबंद वाचून दाखवला तर लोक जेवणाची वाट बघतात. त्याऐवजी एका पानावर पाच ओळी छापून वाटा : किती आले, किती गेले, कशावर सर्वांत जास्त गेले, शिल्लक किती, आणि ती शिल्लक किती महिने पुरेल. प्रश्न शेवटच्या ओळीवर येतात. कार्यकारिणीत मात्र दर तीन महिन्यांनी पूर्ण जमाखर्च ठेवा आणि तो इतिवृत्तात लिहिला जातो आहे का ते बघा. मान्यताप्राप्त युनियनला तर १९७१ च्या कायद्याने तीन महिन्यांच्या आत कार्यकारिणीची बैठक आणि ठरावांची नोंद बंधनकारक केली आहे.

पायरी १० : पद सोडताना

कार्यकारिणीची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, असं १९२६ च्या कायद्यातल्या २००१ च्या दुरुस्तीपासून आहे, तेव्हा ही वेळ येणारच. निवडणुकीच्या आधी महिनाभर सगळ्या उचली वसूल करा आणि नव्या पावती पुस्तकांची छपाई थांबवा. निकालानंतर लगेच बँकेत सह्या बदलण्याचा ठराव द्या. ठराव आणि बँकेची नोंद यांत जे आठ-पंधरा दिवस जातात, त्या काळात जुन्या सहीने एकही चेक फाडू नका, वीजबिलाचासुद्धा नाही. मग पायरी १ मधली यादी पुन्हा करा, या वेळी देणारे तुम्ही. तीन प्रती काढा, एक नव्या खजिनदाराला, एक कार्यालयात, आणि एक घरी स्वतःच्या कागदपत्रांत, नोंदणी प्रमाणपत्राच्या झेरॉक्ससह.